लाल बटणाबाबत खुलासा

ॲथलोन,
गुरुवार, ५ मार्च

ती. वन्सं यांना शुभदाचा वाकून नमस्कार.

(मायना चुकला असेल तर समजून घ्या. लग्नानंतर मी तुम्हाला लिहिलेलं पहिलंच पत्र तुम्ही लाल शाईनं तपासून परत पाठवलं होतंत. नऊ चुका, आणि खाली शेरा: "हस्ताक्षर सुरेख, मजकुराला सराव हवा." हे म्हणाले होते, आपण त्याला चौकट करून घेऊ या. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. ते पत्र अजून माझ्याकडे आहे आणि आता वाटतं, चौकट करून घ्यायला हवी होती.)

तुमचा गुडघा कसा आहे, शेवग्याला फुलं आली का, दूधवाल्याशी भांडण मिटलं की वाढलं, हे सगळं मी एरवी रविवारी तोंडी विचारते. आम्ही इथे सगळे ग्रँड. (इथे हा शब्द मिठासारखा लागतो. पाऊस थांबला की ग्रँड, पाऊस सुरू झाला तरी छत्री आहे म्हणून ग्रँड, आणि हाड मोडून प्लास्टर घातलेला माणूससुद्धा 'कसे आहात' विचारलं तर ग्रँडच म्हणतो. पहिल्या वर्षी मला वाटायचं, काय सुखी लोक आहेत. आता मीही तेच म्हणते, तेव्हा त्यांचं सुख किती खरं ते कळलं.) आशुतोषला ऑफिसात बढती मिळाली आहे, क्षितिजाच्या कारखान्यात नवीन यंत्रं आल्यामुळे ती उशिरा येते, आणि इशिता तेरा वर्षांची झाल्यापासून मी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देऊन निघून जाते.

तुम्ही तीन रविवार फोन उचललेला नाही. पंधरा फेब्रुवारीला मला वाटलं, महाशिवरात्र आहे, देवळात गेला असाल. बावीसला वाटलं, वीज गेली असेल. एक मार्चला मी तुमच्या वरच्या मजल्यावरच्या रणजितरावांना निरोप पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: "ताई ठणठणीत. आत्ताच फुलं तोडत होत्या. तुमचं नाव काढलं तर म्हणाल्या, मी कामात आहे." म्हणजे तब्येत उत्तम आहे आणि राग माझ्यावर आहे. कारण मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे, आणि म्हणूनच हा लेखी खुलासा. वन्सं, त्यात दोष कॉम्प्युटरचा आहे. तो कसा, हे शांतपणे वाचून घ्या, मग हवं तर लाल शाई घ्या.

हा कॉम्प्युटर मूळचा आशुतोषचा. त्याला ऑफिसनं नवा दिला तेव्हा हा मला मिळाला, आणि तो जिन्याच्या वरच्या टोकाला असलेल्या एवढ्याशा खोलीत ठेवला. इथे तिला बॉक्स रूम म्हणतात. इस्त्रीची फळी, बॅगा, आणि माझं तुमच्याशी रविवारचं बोलणं, असं सगळं त्या खोलीत राहतं. यंत्र ताब्यात देताना आशुतोषनं मला अर्धा तास शिकवलं. (मुलगा शिकवतो तेव्हा दर वाक्यानंतर "सोप्पंय गं आई" म्हणतो, आणि त्यामुळे पुन्हा विचारण्याची सोय राहत नाही.) बंद करायचं झालं तर समोरच्या काचेखाली एक बटण आहे, ते दाबलं की सगळं काळं होतं. मी चौदा महिने रोज ते दाबत आले. ते बटण फक्त काचेचं आहे, टेबलाखाली ठेवलेल्या खऱ्या कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नसतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी रोज डोळे मिटत होते आणि समजत होते की जग झोपलं.

दुसरी गोष्ट त्या लाल बटणाची. आपलं बोलणं संपलं की खाली एक लाल बटण असतं आणि त्यावर इंग्रजीत 'लीव्ह' लिहिलेलं असतं. आता तुम्हीच आठवा. लग्न होऊन मी साताऱ्याला आले, आठव्या दिवशी पुण्याला माहेरी निघाले आणि उंबऱ्यात म्हणाले, "बराय, मी जाते." तुम्ही स्वयंपाकघरातून हात पुसत आलात आणि म्हणालात, "कॉन्व्हेंटमध्ये निरोप घ्यायला शिकवत नाहीत वाटतं? 'जाते' नाही म्हणायचं गं. 'येते' म्हण. परत ये आत, पाणी पी, आणि नीट म्हणून नीघ." मी आत आले, पाणी प्यायले, 'येते' म्हटलं आणि माझी एसटी चुकली. त्या दिवसापासून मी कोणाकडूनही 'जाते' म्हणून निघालेली नाही. डॉक्टरकडून निघतानासुद्धा मी 'येते' म्हणते. तर मग तुमचा चेहरा समोर असताना त्या 'लीव्ह'वर बोट ठेवायचं कसं? मी 'येते' म्हणायची, तुम्ही 'ये हो' म्हणायच्या, आणि मी काचेचं बटण दाबून खाली जायची. मनात एक समाधान, की आपण रीत सोडली नाही.

परिणाम व्हायचा तो झाला. कॉम्प्युटर आधी सुस्तावला. एक अक्षर दाबलं की चहाचं आधण ठेवून यावं, तेव्हा ते उमटायचं. मग एक दिवस इशिताच्या शाळेचा कार्यक्रम बघायला बसले तर पाटी आली की कॅमेरा दुसऱ्या कोणीतरी वापरत आहे. घरात मी एकटी. मी कपाटं उघडून बघितली. (हसा, पण परदेशात एकटीला अशी पाटी आली की तुम्हीही बघाल.) मी आशुतोषला ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "रीस्टार्ट केलास का?" मी म्हटलं, "रोज करते रे." तो म्हणाला, "मग अपडेट बाकी असेल, त्याला करू दे." मी करू दिलं. पडद्यावर लिहून आलं, तेहतीस टक्के, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. आमच्या शाळेतल्या सिस्टर कन्सेप्टा अशाच होत्या, "कृपया" म्हणायच्या आणि हलायची सोय ठेवायच्या नाहीत. मी साडेतीन तास हलले नाही. क्षितिजा घरी आली तेव्हा मी अंधारात बसले होते आणि पोळ्या झालेल्या नव्हत्या. "आई, तुम्ही उठू शकत होतात, फक्त त्याला बंद करायचं नव्हतं," ती म्हणाली. हा फरक पडद्यावर लिहायला हवा होता.

(सिस्टर कन्सेप्टा इथल्याच, आयर्लंडच्याच. आम्हाला पुण्यात त्या कोळसेवाल्याला आणि देवाला सारख्याच गंभीर आवाजात हाक मारतात असं वाटायचं. इथे दुकानात, बसमध्ये, मच्छीवाल्याकडे सगळीकडे तोच आवाज. सहासष्टाव्या वर्षी बटाटे घेताना मी अजून ताठ उभी राहते. आठवीत असताना मला या आवाजापासून घरी पळून जावंसं वाटायचं, आणि आता तो आवाज कानावर पडला की पुणं आठवतं. माणसाच्या आठवणीला काही धरबंध नाही.)

तर नोव्हेंबरातला दुसरा रविवार. आपलं बोलणं झालं, 'येते' झालं. दर रविवारी ही तिघं जेवणाआधीच ल्यूकनला जातात, कारण तिथे आपल्या मंडळींची लेझीमची तालीम असते आणि क्षितिजा शिकवते. मी खाली भाजी चिरत होते. दुपारचे अडीच वाजले असतील, आणि रिकाम्या घरात कुकरची शिट्टी झाली. आमच्याकडे शिट्टीचा कुकर नाही, शेजारणीकडे असण्याचा प्रश्नच नाही. दुसरी शिट्टी झाली. मी हातातली सुरी तशीच घेऊन जिना चढले. तिसरी शिट्टी बॉक्स रूममध्ये, इस्त्रीच्या फळीशेजारी झाली. मी काचेचं बटण दाबलं. पडद्यावर नुसती पांढरी जाळी. पाच मिनिटं लागली मला कळायला की ही तुमच्या हातची क्रोशाची जाळी आहे, जी तुम्ही पूर्वी टीव्हीवर घालत होतात आणि आता लॅपटॉपवर घालता. आणि जाळीमागून तुमचा आवाज आला: "तीन झाल्या. बास."

वन्सं, मी तेव्हा लगेच बटण दाबायला हवं होतं. पण कॉम्प्युटर इतका मंद झाला होता की बाण हलेना. (हा मुद्दा लक्षात ठेवा.) आणि तेवढ्यात तुम्ही बोलायला लागलात. मला वाटलं रणजितराव आले असतील, पण नाही, तुम्ही यांच्या फोटोशी बोलत होतात. "नरेंद्र, तुझी बायको आज दमल्यासारखी दिसली. विचारलं तर ग्रँड म्हणते. हा काय शब्द आहे? चाळीस वर्षांत पोरीला खोटं बोलता आलं नाही अजून." मग ताट ठेवल्याचा आवाज, मग भात कालवताना बांगडीचा, मग पुन्हा: "गुणाची आहे पण. आमटीत गूळ विसरते, तेवढं सोडलं तर." मी सुरी मांडीवर ठेवून बसले. चाळीस वर्षं मला वाटत होतं, तुम्ही मला कॉन्व्हेंट म्हणता ते मनापासून.

त्यानंतर दर रविवारी हे यंत्र असंच वागत राहिलं. मी काय करणार? मी आपली जेवणाचं ताट घेऊन वर जायची, कॉम्प्युटर दुरुस्त होतोय का बघायला. तुम्ही पेपर मोठ्यानं वाचायच्या आणि अग्रलेखातल्या चुका काढायच्या. शेजारच्या मांजराला 'चल नीघ' म्हणून दूध घालायच्या. मला मात्र आठवड्यामागून आठवडा सांगत होतात, आज अळूची भाजी, आज सांदण, आज भरली वांगी, आणि ऐकू येत होतं ते दर वेळी एकच: तीन शिट्ट्या, मेतकुटाच्या डब्याचं झाकण, आणि एकटीचं ताट. एका रविवारी तर झाकणही नाही, नुसता बिस्किटाच्या पुड्याचा कागद. तुम्ही ओळखीच्या सगळ्या मुलींना जेवायला वाढलंत, डबे भरलेत, दहावीच्या पोरींना घरी बोलावून शिरा खाऊ घातलात, आणि स्वतःला बिस्किटं? मला इथे घास उतरेना. पण विचारणार कसं? विचारलं तर कळणार की मी ऐकते.

मी हे फक्त एका बाईला सांगितलं. इथल्या ग्रंथालयात गुरुवारी सकाळी वयस्कर लोकांना कॉम्प्युटरची मदत करतात. तिथे नोरीन नावाची पंचाहत्तरीची बाई आहे, तरुणपणी ती एका खेड्यातल्या टेलिफोन एक्स्चेंजवर होती, हातानं तारा जोडायची. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "अगं, आम्ही सगळं ऐकायचो. कोणाची गाय व्याली, कोणाचं लग्न मोडलं. नियम एकच होता, ऐकलेलं तोंडातून निसटता कामा नये." मग तिनं मला चहा दिला आणि विचारलं, "तुझी नणंद जेवते का नीट?" बघा, तिचासुद्धा प्रश्न तोच.

आता जे लिहिते त्यात कॉम्प्युटरचा संबंध नाही. पंचवीस जानेवारीला, तुमच्याकडे पावणेनऊ वाजले असतील. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग धप्पकन काहीतरी पडलं, डबा लादीवर गडगडत गेला, आणि मग काही नाही. मी जाळीकडे बघत होते. हाक मारायला तोंड उघडलं. माझा आवाज तुमच्यापर्यंत नक्की गेला असता, दोन हातांवर तर होतात तुम्ही. आणि वन्सं, मला लाज वाटली. तुम्ही तिथे पडलेल्या, आणि मी इथे विचार करत होते की हाक मारली तर मी पकडली जाईन. घड्याळाकडे बघत होते, सात मिनिटं झाली. मग तुम्ही म्हणालात, "आई गं," आणि नंतर स्टुलाला, "मेल्या, तुझा पाय मोडला तो मोडला, माझा कशाला?" मी तिथेच खाली बसले आणि रडले, तोंडात पदर धरून, कारण रडण्याचा आवाजही गेला असता. पुढच्या रविवारी तुम्हाला विचारलं, कशा आहात. तुम्ही म्हणालात, ठणठणीत. मी म्हटलं, आम्ही ग्रँड.

त्यानंतरचा रविवार आठ फेब्रुवारी. तुम्ही म्हणालात, आज भरली वांगी केली आहेत, खसखस घालून. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चला, मेतकूट-भातातून सुटका झाली एकदाची. आणि स्टुलावर चढू नका हो." नोरीनचा एकुलता एक नियम मी मोडला. तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात, मग पडद्याकडे वाकून काहीतरी शोधलंत, आणि लाल बटण दाबलंत. 'ये हो' म्हणाला नाहीत. पडद्यावर तुमच्या जागी एक पाटी आली, की समोरची व्यक्ती निघून गेली आहे. आपल्याकडे असं कोणी लिहीत नाही वन्सं, अशा शब्दांत. मी संध्याकाळपर्यंत ती पाटी काढली नाही.

तेव्हा खुलासा एवढाच, की काचेचं बटण वेगळं आणि खरं बटण वेगळं हे मला माहीत नव्हतं, यंत्र मंद होतं, आशुतोषला दुरुस्त करायला सवड नव्हती, आणि जे ऐकलं ते अपघातानं ऐकलं. हाक मारली नाही, ती मात्र चूक माझी. तिच्याभोवती लाल शाईनं गोल करा, मी सही करते.

रागावला असाल तर रागवा, पण बोलून रागवा. हे गेल्यापासून माझ्याशी 'अगं' म्हणून बोलणारं दुसरं माणूस या बाजूला नाही, आणि त्या बाजूलाही आता तुम्हीच.

तुमची,
शुभदा

ता. क. वर लिहिलेलं पुन्हा वाचून पाहिलं. सिस्टर कन्सेप्टा म्हणायच्या, अर्धं सांगितलेलं खरं हे पूर्ण खोट्यापेक्षा वाईट. तर ऐका. कॉम्प्युटर अकरा जानेवारीलाच दुरुस्त झाला. आशुतोषनं दहा मिनिटांत केला. त्यानं टेबलाखालचं खरं बटण दाबलं, चौदा महिन्यांत पहिल्यांदा यंत्र बंद केलं, परत चालू केलं, आणि ते हरणासारखं पळायला लागलं. शिवाय त्यानं अशी सोय केली की मी समोरून उठले की कॉल पाच मिनिटांत आपोआप तुटावा. मी ग्रंथालयात नोरीनकडे गेले होते ते ही सोय काढून कशी टाकायची ते विचारायला. आयुष्यात कॉम्प्युटरवर नीट शिकलेली ती एकच गोष्ट. म्हणजे पंचवीस जानेवारीला यंत्राचा दोष शून्य होता.

ता. क. दुसरा. हे लिहून पाकीट चिकटवलं आणि पुन्हा फोडलं, कारण एक गोष्ट आत्ता लक्षात आली. जानेवारीच्या शेवटी तुमचं पार्सल आलं, त्यात पाव किलो आमसुलं. मी तुमच्याकडे आमसुलं मागितली नव्हती. कोणाकडेच नव्हती मागितली. फक्त एका रविवारी बॉक्स रूममध्ये ताट घेऊन बसले असताना मी आमटीचा भुरका मारला आणि स्वतःशीच म्हणाले, "आमसुलं संपली मेली, व्हिनेगर घालून कोणी आमटी करतं का." तीन शिट्ट्यांनंतरची गोष्ट. लाल बटण तुमच्याकडेही होतं वन्सं, आणि तेही कोणी दाबत नव्हतं. तेव्हा तुम्ही रागावला आहात, की माझ्यापाठोपाठ आपणही पकडल्या जाऊ म्हणून घाबरल्या आहात, याचा खुलासा तुमच्याकडूनही यावा. माझं तोंडात पदर धरून रडणंही ऐकलं असेल, तर ते मात्र कृपा करून यांच्या फोटोला सांगू नका.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर याच्यासाठी. हे पत्र पोचल्यावर जो पहिला रविवार येईल, त्या दिवशी आमच्या बारा वाजता मी फोन करीन. उचला. बोलणं झालं की जाळी घालू नका, लॅपटॉप स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला ठेवा, सांडशीपासून लांब. रणजितरावांना सांगून वरचे डबे खाली काढून घ्या. अडीच वाजता मी इथे पान मांडून बसेन आणि तुमची फोडणी ऐकल्याशिवाय वाढून घेणार नाही. उपाशी ठेवायचं असेल तर तुमची मर्जी. भाजी कुठली करणार ते आधी सांगू नका. मी ओळखीन.